डाव्या कुशीवर

आधी जागा सांगून टाकते, म्हणजे माझीही सुटका होईल आणि वाचणाऱ्याचीही. मला गुदद्वाराचा कॅन्सर झाला होता. शब्द पुस्तकी आहे, मला ठाऊक आहे. पण आमच्याकडं त्या जागेसाठी जे शब्द आहेत ते सगळे शिव्यांमधले. बाईमाणसानं चारचौघांत उच्चारावा असा त्यात एकही नाही. दवाखान्यात बाया ‘संडासची जागा’ म्हणतात. मीही तेच म्हणते, तेही खाली बघून.

उपचार संपून दोन वर्षं होऊन गेली. उपचारांबद्दल लोक विचारतात, ज्यांनी भोगलंय ते सांगतातही. त्यानंतरच्या तपासण्यांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. दर तीन महिन्यांनी जायचं, टेबलावर चढायचं, डाव्या कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि परक्या माणसानं बोट घालून गाठ परत आली का ते बघायचं. मला आजारापेक्षा या तपासणीनं जास्त छळलं, आणि तिच्या लाजेपायी मी जिवावर उदार झाले होते. माझ्यासारख्या आणखी कुणी असतील म्हणून हे लिहायला घेतलंय. लिहितानासुद्धा दार लोटून घेतलंय, हेही सांगून ठेवते.

ह्यांची मूळव्याध

परभणी जिल्ह्यात झरीच्या जवळ आमचं गाव. मी घरी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते. ह्यांचं रस्त्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथं येतात. एकाच अंगणात पलीकडं थोरले दीर आणि जाऊबाई राहतात. जाऊबाईंना सगळे आक्का म्हणतात. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, एक महिना आमच्यात जेवतात, एक महिना त्यांच्यात.

रक्त पडायला लागलं तेव्हा मी मूळव्याध धरून चालले. दिवसभर मशीनवर बसणाऱ्या बाईला दुसरं काय होणार? औषध आणायला मी स्वतः गेले नाही. ह्यांना पाठवलं आणि बजावलं, “तुम्हाला झालीय म्हणून सांगा.” बिचाऱ्यांनी तसं सांगितलं. वर्षभर ह्यांच्या नावानं मलम येत राहिलं. दुकानात मोटार घेऊन येणारा प्रत्येक जण ह्यांना ताक प्या, सुरण खा, मिरची बंद करा, असं सांगून जायचा. घरी येऊन हे मला ते सगळं जसंच्या तसं सांगायचे आणि आम्ही दोघं हसायचो. हसण्यात वर्ष गेलं. तोवर आत गाठ वाढत होती.

बसवेना झालं तेव्हा परभणीला दाखवलं. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवून शांतपणे सगळं सांगितलं. ऑपरेशनची गरज पडणार नाही बहुतेक, शेक, म्हणजे रेडिएशन, आणि सलाईनमधून औषध, बरी होण्याची चांगली आशा आहे. मी फरशीकडं बघत होते. ह्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, “साहेब, हे घरी काय सांगायचं?”

ही वाचेल का, असं त्यांनी विचारलं नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण माझ्याही मनात अगदी तोच प्रश्न होता.

उत्तर आत्याबाईंनी दिलं. त्यांना खरं सांगावंच लागलं. त्यांनी कपाळाला हात लावला, थोडा वेळ डोळ्याला पदर लावला, आणि मग एकदम कारभारणीच्या आवाजात म्हणाल्या, “पिशवीचं सांगा. पिशवीत गाठ झालीय, काढायची हाय म्हणावं. कोण इचारतंय मग?”

खरंच कुणी विचारलं नाही. आमच्या भागात गर्भपिशवी काढलेल्या बाया घरोघर आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्यांत तर तिशी ओलांडायच्या आत काढून मोकळ्या झालेल्या कितीतरी. पिशवी म्हटलं की बाया मान हलवतात, चुकचुकतात, आपापलं सांगतात आणि विषय संपतो. आत्याबाईंनी माझ्यासाठी असं पांघरूण शोधलं की त्याच्या खाली काय आहे ते बघायची कुणाला इच्छाच होऊ नये.

शेक

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पाच-सहा आठवडे शेक घेतला. जवळच खोली केली होती. हे दुकान बंद ठेवून माझ्यासोबत राहिले आणि गावाकडं दोन्ही घरं, गुरं आणि आत्याबाई आक्कानं सांभाळल्या.

कातडी इतकी भाजली की संडासला जायचं म्हटलं की मी रडायला लागायची. कोमट पाण्याच्या टबात बसणं हे त्या दिवसांतलं एकच सुख. ह्यांनी एके दिवशी स्कूटरची जुनी ट्यूब आणली, हवा अर्धी ठेवली, त्यावर आपल्याच जुन्या धोतराचा कपडा गुंडाळला आणि माझ्याकडं न बघता समोर ठेवून बाहेर निघून गेले. लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही आम्ही त्या जागेबद्दल एकमेकांशी एक वाक्य बोललेलो नव्हतो. ती ट्यूब हेच त्यांचं बोलणं होतं.

गावी परतले तेव्हा आक्का उंबऱ्यात भाकरीचा तुकडा ओवाळायला उभी. तिनं माझा चेहरा हातात धरला आणि म्हणाली, “किती वाळलीस गं. पर निघाली एकदाची पीडा. आता हंडा उचलायचा न्हाई. मी उचलला, म्हणून माझी कंबर बघ कशी झालीय.”

आक्काची पिशवी खरोखर काढलेली. पहिली मुलगी झाल्यावर चार वर्षांनी, तिशीच्या आतच, ऊसतोडीवर असताना. अंगावरून जात होतं, कुणीतरी डॉक्टर म्हणाला काढून टाका, पुढं त्रास नको, आणि पाळीमुळं कामाचा खाडाही पडणार नाही. काढली. त्यानंतर पुढची कितीतरी वर्षं ती कोयता घेऊन जातच राहिली. आता मी घरी आले तर तिनं वर्षभर मला पाण्याचा हंडा उचलू दिला नाही. रोज सकाळी स्वतःचं पाणी भरून झालं की माझा हंडा घ्यायची. मी नको म्हटलं की म्हणायची, “गप बस. तुला काय कळतंय? माझ्यावरून गेलंय ते.”

मी तिच्या मागं मागं घरात यायची आणि तिनं ओतलेल्या पाण्याकडं बघायची.

परकराची चीर

पहिली तपासणी तीन महिन्यांनी. तिथल्या डॉक्टर मॅडम होत्या, वयानं माझ्याहून लहान. “मावशी, डाव्या कुशीवर वळा, पाय पोटाशी घ्या, ढिलं सोडा.” ढिलं सोडा म्हणणं सोपं आहे. सगळं अंग मुठीसारखं आवळून मी भिंतीवरच्या पंख्याच्या बटनाकडं बघत राहिले. दोन मिनिटांचं काम. दुखलं थोडं. पण मी उठले तेव्हा रडत होते, आणि कशासाठी ते मॅडमना सांगता येईना.

वास येईल, घाण लागेल, मॅडम नाक मुरडतील, याची मला एवढी धास्ती की दुसऱ्या तपासणीआधी मी दोन दिवस जेवलेच नाही. घरी उपवास आहे म्हणून सांगितलं. आत्याबाईंनी विचारलं, “कशाचा गं?” मी म्हटलं, “देवीला बोलले होते.” टेबलावर चढता चढता डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी सिस्टरच्या अंगावर कोसळले. मॅडम चांगल्याच रागावल्या. “मावशी, आमचं रोजचं काम आहे हे. जेवून येत जा.” ग्लुकोज पाजून, अर्धा तास झोपवून मग त्यांनी तपासलं.

तिसऱ्या वेळेला मी माझ्या परीनं बंदोबस्त केला. परकर शिवला, मागच्या बाजूला चीर ठेवून, त्यावर ब्लाऊजच्या हूकपट्टीसारखी झाकणारी पट्टी. साडी सोडायची, परकर तसाच ठेवायचा, लागेल तेवढंच उघडायचं. मॅडमनी तो बघितला आणि खुर्चीत बसून त्या चिरीवरून हात फिरवला. “कुणी शिवला?” मी म्हटलं, “मीच.” म्हणाल्या, “आमच्या बाकीच्या पेशंट बायांसाठी असे शिवून द्याल?” मला आतून फार बरं वाटलं. पण मी नाही म्हटलं. मशीनवरच्या दहा परकरांना मागून चिरा आहेत हे गावातल्या बायांनी बघितलं असतं तर काय सांगितलं असतं? आता मात्र शिवते. ज्यांना लाज वाटते त्यांनी घरी असा परकर शिवून घ्या, कुणालाही जमण्यासारखा आहे.

चुकवलेली पाळी

पिशवीचं पांघरूण उपचारापुरतं ठीक होतं. तपासण्यांना ते पुरेना. दीड वर्ष झालं तरी माझं औरंगाबादला जाणं चालूच. एकदा दिवाळीच्या आधी, अंगणात सगळ्या बाया शेंगा फोडत बसलेल्या असताना शेजारची एक म्हणाली, “काढलेल्या पिशवीचं तपासत्यात तरी काय गं?”

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. टोचून बोलायचं म्हणून नाही, खरंच त्यांना कळेना. माझी कानशिलं तापली. आक्काच मदतीला धावली. “डॉक्टरलोकांचं काय, बोलावत्यात. पैसेवाल्यावाणी हाय तिचा दवाखाना.” बाया हसल्या. मीही हसले, आणि त्या खेपेला मी गेले नाही. ह्यांना म्हटलं, मॅडमनीच फोनवर सांगितलं आता सहा महिन्यांनी या. ह्यांनी विश्वास ठेवला. खरं तर त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं असावं.

संक्रांतीनंतर रक्त दिसलं.

आधी थोडं, मग दोन-चार दिवसांआड. पहिल्या वेळी जसं दिसलं होतं अगदी तसंच. मी ते कपडे इतरांच्या आधी उठून धुवायला लागले. मशीनवर बसले की शिलाई वाकडी जायची. मुलीच्या सासरहून फोन आला की आवाज चांगला काढायचा, आणि फोन ठेवला की परसात जाऊन उभं राहायचं. गाठ परत आली असेल तर आता मोठं ऑपरेशन करून पोटावर संडासची जागा काढतात, हे मी दवाखान्यातच ऐकलं होतं. तसं झालं तर कुठलं पांघरूण पुरणार होतं? तरी मी कुणाला बोलले नाही. मरणाची भीती वाटत होती, आणि तरीही तिच्यापेक्षा लाजच मोठी होती. आज हे लिहिताना मला माझंच नवल वाटतं, पण तेव्हा तसंच होतं.

शेवटी तपासणीची तारीख आली तेव्हा जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी ह्यांना ताप भरला. आत्याबाई म्हणाल्या, “आक्काला ने. बाईमाणसासंगं बाईमाणूस बरं.” मला काही कारण सुचेना. आक्का तर पातळ बदलून तयारही झाली.

बाहेर कोण आहे?

खोलीत मॅडम नव्हत्या. त्यांची बदली झाली होती. एक पुरुष डॉक्टर होते, चाळिशीचे, आवाज सौम्य. त्यांनी माझे कागद वाचले. “मधली तपासणी चुकली का?” मी मान हलवली. “काही त्रास? रक्त वगैरे?”

मी म्हटलं, “नाही.”

तोंडातून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही.

ते म्हणाले, “बरं, तपासून घेऊ. पण आमच्या सिस्टर आज ऑपरेशनला अडकल्यात. मी एकट्यानं बाईपेशंटला तपासत नाही, खोलीत एक बाई लागते. तुमच्यासोबत कोण आलंय?”

“जाऊबाई आहेत. बाहेर.”

“त्यांना आत बोलवा.”

मी उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “सर, सिस्टर असतील तेव्हाच येते मी. पुढच्या वेळी.” त्यांनी काहीतरी म्हटलं, मी ऐकायला थांबले नाही. बाहेर बाकावर आक्का मांडीवर डबा घेऊन बसली होती. “झालं, चला,” म्हटलं.

“इतक्यात?”

“हो.”

फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी ती थांबली. “बस जरा. पाय दुखायलेत माझे.” आम्ही चहा घेतला. ती दवाखान्याच्या इमारतीकडं बघत होती, आणि कौतुकानं म्हणाली, “तुजं बरं हाय बाई. दोन वर्सं झाली तरी बोलवून बोलवून बघायलेत. माजी काढली तवा मला कुणी परत ये म्हणलंच न्हाई. टाके हाय तसे, अन् टोळीसंगं ट्रॅक्टरमधी बसून गेले. आत काय ऱ्हायलं, काय बिघडलं, आजपतोर कुणी हात लावून बघितलं न्हाई. लय वाटतं कधीकधी, कुणी तरी बघावं.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती नुसती सांगत होती.  जी गोष्ट हिला आयुष्यभर कुणी दिली नाही ती मी नको म्हणून टाकून आले होते, तिच्यापासूनच लपवायला.

“आक्का,” मी म्हटलं, “मला तपासलं न्हाई त्यांनी. मीच पळून आले.”

“का गं?”

“पिशवीचं न्हाई ते. माझी पिशवी कुणी काढली न्हाई. मला संडासच्या जागी कॅन्सर झालता. अन् आता परत रगत जायलंय.”

टपरीवाला तिथंच उभा होता. त्यानं ऐकलं असेल.  आक्कानं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि एवढंच म्हणाली, “ऊठ.”

आम्ही दोघी परत डॉक्टरांच्या खोलीत गेलो. मी आपणहून म्हटलं, “रक्त जातंय सर, महिन्याभरापासून.” टेबलावर चढले. डाव्या कुशीवर वळले. आक्का माझ्या डोक्याशी उभी राहिली. तिनं माझा हात वगैरे धरला नाही. पिकाच्या राखणीला बसल्यासारखी ती डॉक्टरांच्या हातांवर नजर ठेवून होती. त्यांनी बोटानं तपासलं, मग नळी घालून बघितलं, जांघेत चाचपलं. फार वेळ लागला असं मला वाटलं. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. माझं सगळं उघडं आक्कासमोर होतं आणि मला मरून जावंसं वाटत होतं, ते मी खोटं कशाला सांगू?

“गाठ लागत नाही हाताला,” डॉक्टर म्हणाले. “शेकानं आतली कातडी नाजूक झालीय, तिथून रक्त येतंय असं दिसतं. औषध देतो. खात्रीसाठी एमआरआय करू. पण इथून पुढं एकही तपासणी चुकवायची नाही.” तो एमआरआयही नंतर चांगला आला, हे इथंच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला कशाला लावायचा.

मी कपडे सावरत असताना आक्कानं डॉक्टरांना विचारलं, “नक्की न्हाई ना साहेब? नीट बघितलं ना?”

“नीट बघितलं, आजी.”

परतीच्या रेल्वेत बसलो. जालना गेलं, परतूर गेलं. तिनं डबा उघडून मला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, स्वतः घेतली नाही. मी मनात उत्तरं जुळवत बसले होते. खोटं का सांगितलं, तर आत्याबाईंनी सांगायला लावलं. मला का नाही सांगितलं, तर सांगायची सोयच नव्हती. एवढे हंडे माझ्याकडून का उचलून घेतलेस, याला मात्र उत्तर सापडेना.

सेलू सुटलं तेव्हा ती माझ्याकडं वळली.

“मंग तुजी पिशवी हाय अजून?”

“हाय, आक्का.”

तिनं मान हलवली. बाहेर ज्वारीची रानं पळत होती.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. “घरात एकीची तरी ऱ्हायली.”

टोमणा असता तर मी निमूट ऐकून घेतला असता. पण तो टोमणा नव्हता. तिला खरंच बरं वाटलं होतं. टेबलावर परक्या पुरुषासमोर वाटली नसेल एवढी लाज मला त्या दिवशी सेलूपासून परभणीपर्यंत वाटली, आणि तिच्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही.